दीड लाखाच्या मशीनआधी

बारावीचा निकाल लागला की ठाण्यातल्या बाळकुम, ढोकाळी, कोलशेत भागातले पालक एकच प्रश्न घेऊन येतात. मुलाला व्हिडिओ एडिटर व्हायचंय, क्लासवाल्यांनी दीड लाखाच्या मशीनचं कोटेशन दिलंय, हप्त्यावर घेऊ का? घरी आठ जीबी रॅमचा जुना आय-फाइव्ह आहे, पण त्यावर एचडी फुटेज अडकतं असं मुलाचं म्हणणं.

घेऊ नका. फुटेज अडकतं हे खरं, पण त्याचं कारण समजून घ्या. जागा वाचावी म्हणून कॅमेरे आणि मोबाइल सहसा व्हिडिओ एच.२६४ सारख्या पद्धतीने दाबून साठवतात. त्यात पूर्ण चित्र अधूनमधूनच असतं. बाकी फ्रेममध्ये आसपासच्या चित्रापेक्षा काय बदललं तेवढीच नोंद. त्यामुळे टाइमलाइनवर मधलीच एक फ्रेम दाखवायची तर प्रोसेसरला आधीच्या बऱ्याच फ्रेम उलगडाव्या लागतात. फुल एचडीची फ्रेम १९२० बाय १०८० पिक्सेलची, फोर-के त्याच्या चौपट. दोन कॅमेऱ्यांचं फुटेज एकावर एक लावलं की जुनं मशीन धापा टाकणारच.

याला उपाय आहे, प्रॉक्सी. मूळ फाइलच्या हलक्या, लहान प्रती करायच्या, त्यांच्यावर कापाकापी करायची आणि शेवटचा एक्सपोर्ट मूळ फुटेजवरून काढायचा. केडेनलाइव्ह हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि त्यात ही सोय आहे. रात्री प्रॉक्सी बनवायला लावा, सकाळी कामाला बसा. मोठे लोकही असंच करत आले. हॉलिवूडचे एडिटर वॉल्टर मर्च यांनी २००३ चा 'कोल्ड माउंटन' दुकानात मिळणाऱ्या पॉवर मॅक जी-फोरवर, मूळ फिल्मच्या कमी दर्जाच्या डिजिटल प्रतीवरून एडिट केला आणि त्या एडिटिंगला ऑस्करचं नामांकन मिळालं. ते मशीन तुमच्या घरच्या आय-फाइव्हपेक्षा कितीतरी दुबळं होतं.

बाळकुम हे आगरी-कोळ्यांचं जुनं गाव. नात्यातल्या कुणाच्या तरी हळदीचं फुटेज मागून घ्या. शिकायला याहून चांगलं साहित्य नाही. एक कॅमेरा, दोन मोबाइल, वर बँडचा दणका. मोबाइलचा फ्रेमरेट बऱ्याचदा कमी-जास्त होत राहतो, म्हणून दहा मिनिटांत आवाज आणि ओठ यांची फारकत होते. अशा फाइल आधी हँडब्रेक या सॉफ्टवेअरमधून एकसारख्या फ्रेमरेटच्या करून घ्या. मग ढोलाचा एक ठोका तिन्ही ट्रॅकच्या आवाजाच्या लाटेत शोधून तिथे जुळवा. त्यानंतर खरं काम सुरू होतं: चार तासांतून चार मिनिटं काढायची. नवरीची आई क्षणभर बाजूला वळून डोळे पुसते तो शॉट ठेवायचा की नाचाकडे जायचं, हे कुठलंही ग्राफिक्स कार्ड सांगत नाही.

खर्च करायचाच तर एसएसडी घ्या, रॅम सोळा जीबी करा आणि बॅकअपसाठी वेगळी हार्ड डिस्क ठेवा. १०० मेगाबिटने शूट केलेल्या फोर-केचा एक तास ४५ जीबी खातो, आणि एकुलती एक डिस्क गेली तर कुणाचं तरी लग्न गेलं. दहा-बिट फुटेजचं कलर ग्रेडिंग, नॉइज काढणं, व्हीएफएक्स यांना मात्र दमदार मशीन लागतं. तिथवर पोहोचलेला मुलगा बहुधा स्टुडिओच्याच मशीनवर बसलेला असतो.

कोर्सचं थोडक्यात. बीएएमएमसी ही पदवी चांगली, खासगी डिप्लोमा पारखून घ्या. पुण्याच्या एफटीआयआयमध्ये एडिटिंग शिकायचं तर आधी पदवी लागते, शाखा कोणतीही चालते. म्हणून कॉलेज सोडू देऊ नका.

ज्या कामाबद्दल मला कुणीच विचारत नाही, ते असिस्टंट एडिटरचं. घोडबंदर रोडला मराठी मालिकांची शूटिंग होतात, म्हणजे हे काम आपल्या दारात आहे. शूटवरून आलेली कार्डं उतरवणं, प्रत नीट आली का तपासणं, दोन ठिकाणी बॅकअप, क्लिपना नावं, आवाज जुळवणं, प्रॉक्सी, मग साउंड आणि कलरवाल्यांना बिनचूक फाइल देणं. फाइल हरवू न देणारा मुलगा कुठल्याही एडिट रूमला हवाच असतो. आणि यातलं प्रत्येक काम जुन्या आय-फाइव्हवर शिकता येतं. नंतर एडिटरच्या शेजारी बसून मुलगा जे पाहतो, ते क्लासमध्ये मिळत नाही.

आता पालकांना स्पष्ट सांगतो. मशीन घेऊन दिलं म्हणजे मुलाच्या पाठीशी उभं राहिलं, असं समजू नका. पहिला हप्ता भरल्यापासून घरात "कमवायला कधी लागणार?" सुरू होतं. अठरा वर्षांचा पोरगा मग हप्त्यासाठी मिळेल त्या भावात रील कापत बसतो. शिकणं थांबतं, झोप जाते, कॉलेज सुटतं. आणि एडिटिंग आपल्याला जमत नाही किंवा आवडत नाही हे त्याला कळलं, तरी त्या मशीनपायी तो ते तुम्हाला सांगू शकत नाही. एवढं ओझं त्याच्यावर टाकायचा तुम्हाला अधिकार नाही.

दिवाळीपर्यंत त्याला घरच्याच कॉम्प्युटरवर तीन कामं पूर्ण करू द्या: एक हळद, एक शाळेचं स्नेहसंमेलन, एक बाळकुममधल्याच एखाद्या माणसाची पाच मिनिटांची मुलाखत. तिन्ही त्याच्याबरोबर बसून बघा. कुठे अडलं ते विचारा आणि जे अडलं तेवढ्याच भागाचं कोटेशन मागवा.