तलाव, गाव आणि प्रवासी : भंडारा-गोंदियातील पर्यटनाचा विचार

महाराष्ट्रातील पर्यटनाचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांपुढे प्रथम सह्याद्रीतील किल्ले, कोकणचा समुद्रकिनारा आणि अजिंठा-वेरूळची लेणी उभी राहतात. राज्याच्या पूर्व टोकाला, वैनगंगेच्या खोऱ्यात, लहानमोठ्या असंख्य तलावांनी व्यापलेला एक प्रदेश आहे, याची जाणीव त्या मानाने थोड्यांनाच असते. पूर्वीच्या भंडारा जिल्ह्याला 'तलावांचा जिल्हा' असे सार्थ नाव मिळाले होते. १ मे १९९९ रोजी या जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला. ते नाव आज दोन्ही जिल्ह्यांना सारखेच शोभते.

नवेगाव राष्ट्रीय उद्यान १९७५ मध्ये घोषित झाले आणि २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाची स्थापना झाली. त्यामुळे या भागाकडे प्रवाशांचे लक्ष वेधले गेले. आपल्याही तलावावर नौकाविहार सुरू व्हावा, बाग व्हावी, चार पाहुणे येऊन गावात रोजगार निर्माण व्हावा, अशी इच्छा तलावाकाठच्या गावांना वाटणे स्वाभाविक आहे आणि ती योग्यही आहे. तथापि, या दिशेने पाऊल टाकण्यापूर्वी एका मूलभूत प्रश्नाचा विचार करणे अगत्याचे आहे. हा तलाव आज कोणाच्या उपयोगी पडतो आणि प्रवाशाचा नवा उपयोग त्या जुन्या उपयोगांशी कसा जुळवून घ्यावयाचा, हा तो प्रश्न होय.

तलाव कोणी बांधले?

या प्रदेशातील बहुसंख्य तलाव निसर्गनिर्मित नाहीत. टेकड्यांमधील उतार पाहून, मातीची पाळ घालून ते माणसांनी बांधले आहेत. या कामात कोहळी समाजाचा वाटा फार मोठा आहे. ऊस आणि धान पिकविण्यात निष्णात असलेल्या या समाजाने पाणी अडविण्याची कला पिढ्यान्‌पिढ्या जोपासली. नवेगावबांधचा सुमारे ११ चौरस किलोमीटर विस्ताराचा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकाच्या प्रारंभी बांधला, असे मानले जाते. तलावाभोवतीच्या सात टेकड्यांना लोक 'सात बहिणी' म्हणतात आणि कोलू पाटलांना 'कोलासूर देव' म्हणून देवत्वही प्राप्त झाले आहे. तलाव बांधणाऱ्या माणसाला देव मानणारा हा प्रदेश पाण्याचे मोल किती जाणतो, हे यावरून दिसून येते.

पुढे मालगुजारी पद्धतीत तलावाची देखभाल ही मालगुजाराची जबाबदारी झाली. पाळीवर माती टाकणे, सांडव्याची डागडुजी करणे, पाटातील गाळ काढणे ही कामे गावकऱ्यांच्या श्रमाने पार पडत. तत्कालीन मध्य प्रदेश शासनाच्या १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपुष्टात आली. पिळवणुकीचा एक अध्याय त्यामुळे संपला हे निर्विवाद आहे. परंतु हजारो तलावांची रोजची काळजी कोणी घ्यावयाची, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मात्र मिळाले नाही. पूर्व विदर्भातील पाच जिल्ह्यांत असे सुमारे ६,८०० माजी मालगुजारी तलाव नोंदले गेले आहेत. त्यांपैकी अनेकांत गाळ साचला, काठावर बेशरम माजली आणि पाळी खचल्या.

पर्यटनाच्या दृष्टीने हा इतिहास बोधप्रद आहे. बांधकामासाठी एकदा निधी मिळतो. देखभालीची जबाबदारी दरवर्षी पार पाडावी लागते. ज्या कामाला कोणी धनी नाही ते काम, मग तो तलाव असो वा तलावाकाठची बाग, काही वर्षांतच मोडकळीस येते.

तलावाचे वर्ष

तलावाचे पाणी बारमाही एकाच पातळीवर राहत नाही. त्याचे स्वतःचे एक वर्ष असते आणि ते समजून घेतल्याविना कोणतीही योजना आखणे धोक्याचे ठरेल.

आषाढ-श्रावणात तलाव भरतो. भाद्रपद-आश्विनात पावसाने ओढ दिली की पाणी सोडण्याचे तुडुम उघडून ते धानाच्या बांध्यांना दिले जाते. लोंबीत दाणा भरण्याच्या या दिवसांत मिळालेले एक पाणी वर्षभराचे पीक वाचविते. त्यामुळे हिवाळ्यात पातळी हळूहळू उतरते आणि काठावर उथळ, दलदलीची पट्टी उघडी होते. मध्य आशिया आणि त्याही पलीकडून येणारी बदके व दलदलीतील पक्षी याच पट्टीत आपले अन्न शोधतात. याच सुमारास शिंगाडा निघतो. पावसाळ्यात सोडलेले मत्स्यबीज वाढून ढीवर बांधवांच्या जाळ्यात येऊ लागते. उन्हाळ्यात उघड्या पडलेल्या जमिनीवर गुरे चरतात, काही ठिकाणी गाळपेर होते.

आता नौकाविहाराचा ठेकेदार काय इच्छील? तलाव डिसेंबरातही काठोकाठ भरलेला असावा, असेच त्याला वाटणार. परंतु तसे करावयाचे तर आश्विनात धानाला पाणी नाकारावे लागेल. पाणी काठोकाठ राहिले तर उथळ पट्टी उघडी पडणार नाही आणि जे पक्षी पाहण्यासाठी प्रवासी यावयाचे तेच तेथे उतरणार नाहीत. एका हेतूसाठी केलेली सोय दुसऱ्या हेतूवर कशी घाला घालते, याचे हे स्पष्ट उदाहरण आहे.

यावरून एक साधा नियम निघतो. तलावाच्या पाण्यावर पहिला हक्क शेतीचा व गावाच्या निस्ताराचा, दुसरा मासेमारीचा, तिसरा पक्षी व जलचरांचा आणि चौथा प्रवाशाचा. प्रवाशाला चौथे स्थान देण्यात त्याचा अनादर नाही. पहिले तीन हक्क सांभाळले गेले तरच त्याला पाहण्यासारखे काही उरते.

प्रवाशाला काय दाखवावे?

महाबळेश्वर किंवा लोणावळ्याची नक्कल येथे करण्याचे कारण नाही. येथे जे आहे ते अन्यत्र नाही. नवेगावबांधप्रमाणेच गोंदियाजवळील परसवाडा व झिलमिली या तलावांवर हिवाळ्यात पक्षी-निरीक्षकांची पावले वळतात. अर्जुनी मोरगाव तालुक्यात गाढवी नदीवरील इटियाडोहचा विस्तीर्ण जलाशय आहे. त्याच भागात गोठणगाव येथे १९७२ पासून तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. नवेगावबांधच्या वनात सेवा बजावलेले ज्येष्ठ अरण्यलेखक मारुती चितमपल्ली यांनी आपल्या लेखनातून हा परिसर मराठी वाचकांच्या घरोघरी पोहोचविला.

सारस क्रौंच हे या भागाचे खरे वैभव होय. महाराष्ट्रात हा पक्षी आता प्रामुख्याने गोंदिया व त्यालगतच्या प्रदेशातच आढळतो आणि त्याची संख्या अत्यल्प आहे. तो पावसाळ्यात धानाच्या बांधीतच घरटे करतो. शेतकऱ्याने घरट्याभोवतीची थोडी जागा न कापता सोडली तरच पिले वाढतात. अशा घरट्याजवळ छायाचित्रासाठी गर्दी झाली तर जोडी घरटे सोडून जाण्याचा संभव असतो. म्हणून विणीच्या काळात घरट्याचा ठावठिकाणा प्रवाशांना न सांगणे, हेच पर्यटनाच्याही हिताचे आहे.

दीपावलीनंतर या प्रदेशात झाडीपट्टी रंगभूमीचा हंगाम सुरू होतो. गावोगावी मंडप उभारून रात्रभर नाटके रंगतात. दिवसा पक्षी आणि रात्री नाटक असा कार्यक्रम देऊ शकणारा दुसरा प्रदेश क्वचितच सापडेल. चिन्नोर तांदळाचा भात, तलावातील मरळ, लाखोळीची डाळ हे येथील जेवण आणि भंडाऱ्याकडील कोशाचे वस्त्र, या गोष्टीही प्रवाशाच्या स्मरणात राहतील. विशेष म्हणजे हा हंगाम धानाची कापणी आटोपल्यानंतर येतो. ज्या महिन्यांत तरुण कामाच्या शोधात बाहेरगावी जातात, त्याच महिन्यांत गावात काम उपलब्ध होऊ शकते.

नौका आणि सुरक्षितता

नौकाविहार ठेवावयाचा असल्यास तो निवडक तलावांपुरता आणि तलावाच्या ठरावीक भागापुरताच असावा. पक्ष्यांच्या विश्रांतीची जागा खुणांनी वेगळी करावी. यंत्रनौकेच्या आवाजाने पक्षी उठतात, तिच्या पात्यांनी जाळी तुटतात आणि तेलाचा तवंग पाण्यावर पसरतो. वल्ह्याची नाव यापेक्षा केव्हाही श्रेयस्कर. ती चालविण्यास तलावाचा खोल-उथळ भाग हाताच्या रेषांप्रमाणे ठाऊक असलेल्या ढीवर बांधवांइतके योग्य दुसरे कोण असणार?

सुरक्षिततेच्या बाबतीत कोणतीही तडजोड होता कामा नये. १८ जानेवारी २०२४ रोजी वडोदरा शहरातील हरणी तलावात शालेय सहलीची नौका उलटून १२ विद्यार्थी व २ शिक्षिका मृत्युमुखी पडल्या. नौकेत क्षमतेपेक्षा अधिक जण बसले होते. प्रत्येकाच्या अंगात जीवरक्षक जाकीट, नौकेवर रंगाने लिहिलेली क्षमता, सूर्यास्तापूर्वी परत येणे आणि वारा सुटताच नौका बंद ठेवणे, हे चार नियम काठावरील फलकावर लिहिलेले असावेत. सहलीच्या शिक्षकांनी जाकिटे मोजून घेतल्याशिवाय एकाही मुलास नौकेत बसू देऊ नये.

पैसा गावात कसा राहील?

सकाळी वाहनातून येणारा, बरोबर आणलेला डबा खाणारा आणि सायंकाळी परत जाणारा प्रवासी गावात फारसे काही ठेवीत नाही. ठेवलाच तर केरकचरा. जो एक रात्र मुक्काम करतो तो जेवण, निवास, वाटाड्या, नाव आणि बाजार अशा पाच ठिकाणी खर्च करतो. म्हणून किती प्रवासी आले यापेक्षा किती जण राहिले, ही संख्या अधिक महत्त्वाची होय. त्यासाठी मोठ्या इमारतींची गरज नाही. स्वच्छ खोली, स्वच्छ शौचालय, पिण्याचे शुद्ध पाणी आणि वेळेवर जेवण देऊ शकणारी काही घरे गावात तयार झाली तरी आरंभ करता येतो. महिला बचत गटांना या कामात पुढाकार देता येईल.

मिळालेल्या उत्पन्नाचा ठरावीक हिस्सा दरवर्षी तलावाच्या देखभालीसाठी वेगळा काढावा. या जिल्ह्यांतील काही तलावांवर मच्छीमार संस्था व महिला गटांनी बेशरम उपटून स्थानिक जलवनस्पतींची लागवड केली आणि देशी मासे परत येण्यास वाव दिला. अशा कामाचे मोल प्रवेशशुल्कातून चुकते झाले, तर पर्यटन हे तलावाचे ऋण फेडणारे साधन ठरेल.

ग्रामपंचायतीने प्रथम करावयाची कामे

१. तलावाची संपूर्ण नोंद करावी. तो जिल्हा परिषदेकडे आहे, पाटबंधारे खात्याकडे, वनखात्याकडे की खाजगी, मासेमारीचा ठेका कोणत्या संस्थेकडे व केव्हापर्यंत आहे, हे लिहून काढावे. निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज यांतील हक्कांच्या नोंदी तलाठ्याकडून पाहून घ्याव्यात. वनहक्क कायदा, २००६ अन्वये मान्य झालेले सामूहिक हक्क असल्यास तेही नोंदवावेत.

२. शेतकरी, मच्छीमार संस्था, गुराखी आणि महिला यांच्या प्रतिनिधींना एकत्र बसवून पाणी सोडण्याचे वेळापत्रक आधी ठरवावे. प्रवाशांचे वेळापत्रक त्यानंतर आखावे.

३. पाळीवर पक्के बांधकाम होऊ देऊ नये. पाळ मातीची असते. ती खोदल्याने किंवा तिच्यावर भार टाकल्याने कमकुवत होते. उपाहारगृह व शौचालये पाळीपासून दूर, तलावात पाणी वाहून येणाऱ्या क्षेत्राबाहेर बांधावीत.

४. संरक्षित वनालगतच्या गावांनी वनखात्याशी, तर इतरांनी तलावाची मालकी असलेल्या खात्याशी प्रथम पत्रव्यवहार करावा. जैवविविधता व्यवस्थापन समितीस या चर्चेत स्थान द्यावे.

५. हिशेब दरवर्षी ग्रामसभेपुढे वाचून दाखवावा.

शिक्षकांचे कार्य

तलावाकाठची शाळा ही पर्यटनाची पहिली पाठशाळा होऊ शकते. तलावाच्या कडेला खुणांची काठी रोवून दर आठवड्यास पाण्याची पातळी नोंदणे, हिवाळ्यात दर पंधरवड्यास पक्षी मोजणे, गावातील वृद्धांकडून तलावाची जुनी माहिती व पाण्याच्या वाटपाचे नियम लिहून घेणे, ही कामे पाचवी ते दहावीचे विद्यार्थी सहज करू शकतात. अडई, काणूक, कमळपक्षी, जांभळी पाणकोंबडी यांची ओळख असलेली मुले उद्याचे उत्तम वाटाडे होतील. चार-पाच वर्षांच्या अशा नोंदींमुळे पर्यटनाने तलावाचे भले झाले की नुकसान, हेही निश्चितपणे सांगता येईल. खात्याच्या अधिकाऱ्यांनाही या वह्या उपयोगी पडतील.

ग्रामसभेत चर्चेसाठी प्रश्न

आपल्या तलावाचे पाणी कोणत्या महिन्यात कोणाला लागते? मासेमारीवर गावातील किती कुटुंबे अवलंबून आहेत? पाळीची व सांडव्याची शेवटची दुरुस्ती केव्हा झाली? प्रवासी आल्यास कोणता भाग त्यांना खुला ठेवावा आणि कोणता बंद? पहिल्या वर्षी मिळालेल्या पैशातून तलावासाठी कोणते एक काम करावे?

या प्रश्नांची उत्तरे ज्या गावाजवळ तयार असतील, त्या गावाने प्रवाशाचे स्वागत अवश्य करावे. ज्या गावाजवळ ती नसतील, त्याने नाव विकत घेण्यापूर्वी एक ग्रामसभा घ्यावी.