काम कुठे बसून करता?

गेल्या महिन्यात एक अनुवादक दवाखान्यात आली. ती कॉलेजात होती तेव्हापासून मी तिला ओळखते. आता पस्तिशीला आली आहे. मानेपासून उजव्या खांद्यापर्यंत कळ, अंगठ्याला मुंग्या, डोळ्यांची आग आणि तीन महिने धड झोप नाही. एमआरआय करून घेऊ का, हे विचारायला आली होती. मी विचारलं, "काम कुठे बसून करतेस?"

"सकाळी जेवणाच्या टेबलावर. मुलगा शाळेतून आला की आतल्या खोलीत पलंगावर. रात्री सगळे झोपले की हॉलमध्ये सोफ्यावर, मांडीवर लॅपटॉप घेऊन."

हात तपासला. ताकद शाबूत होती. एमआरआयची घाई नव्हती. दुखण्याचं मूळ तिच्या उत्तरातच होतं.

पुण्यात माझ्याकडे असे रुग्ण आता दर आठवड्याला येतात. डिझायनर, व्हिडिओ एडिटर, घरून जीएसटीचे हिशेब लिहिणारे, ऑनलाइन शिकवणारे. त्यांना साहेब नाही, तशी पगारी रजाही नाही; म्हणून दुखणं अंगावर काढायची सवय मोठी. उठताना बहुतेक जण विचारतात, "डॉक्टर, घरूनच करू, की को-वर्किंगमध्ये जागा घेऊ?" भाड्याचा हिशेब त्यांनी आधीच केलेला असतो. शरीराच्या बाजूने हिशेब राहिलेला असतो, तो आज मांडते.

बसून करायच्या कामाची दुखणी नवी नाहीत. इटलीतले वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी १७०० साली वेगवेगळ्या व्यवसायांतल्या आजारांवर ग्रंथ लिहिला आणि १७१३ च्या आवृत्तीत त्यात लेखनिकांची भर घातली. लेखनिकांच्या दुखण्यांची कारणं त्यांनी सांगितली ती अशी: सतत बसणं, हाताची एकाच दिशेने होणारी तीच ती हालचाल, आणि मनावरचा ताण. तीनशे वर्षांनंतर मी त्यात एकच जोडेन, काम संपल्याची वेळ नसणं.

घराचं आधी बघू. मोठ्या माणसाचं डोकं साधारण पाच किलोचं असतं. मान साठ अंशांनी खाली झुकली की मणक्यावरचा भार सुमारे २७ किलोपर्यंत जातो, असं अमेरिकेतले शल्यविशारद केनेथ हंसराज यांनी २०१४ साली गणिताने मांडलं. मांडीवरचा लॅपटॉप नेमकं हेच करायला लावतो. याला महागडी खुर्ची लागत नाही. लॅपटॉपखाली जाडजूड पुस्तकं रचा, पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत आणा, कीबोर्ड आणि माउस वेगळे घ्या. कोपर टेबलाच्या उंचीला, कमरेमागे घडी केलेला टॉवेल, आणि पाय जमिनीला टेकत नसतील तर पायाखाली पाट. पलंगावर काम करू नका, हे मात्र मी हात जोडून सांगते. पलंग आणि काम एकत्र आले की पाठीबरोबर झोपही जाते. पडल्या पडल्या डोक्यात डेडलाइन फिरायला लागते.

पण त्या अनुवादकाची खरी अडचण पुस्तकं रचून सुटणारी नव्हती. ती घरी असते, म्हणजे ती मोकळी असते, असं घरातल्या सगळ्यांनी धरलेलं. सिलिंडरवाला आला, कुरिअर आलं, पिण्याचं पाणी भरायचं राहिलं, सासऱ्यांचा चार वाजताचा चहा. "घरीच आहेस ना?" हे वाक्य दिवसातून किती वेळा ऐकतेस, असं मी विचारलं तेव्हा तिचे डोळे भरून आले. तुटक तुटक झालेलं दिवसाचं काम रात्री अकराला पुन्हा सुरू होतं. आम्ही दोघींनी कागदावर बेरीज केली, तर आठवड्याचे साठ तास भरले. घरकाम त्यात धरलेलंच नव्हतं. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ साली जाहीर केलेल्या अभ्यासानुसार, आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा त्याहून जास्त तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका १७ टक्क्यांनी जास्त असतो. रक्तदाब मोजायला घेतला तेव्हा तिचा नेहमीपेक्षा वर होता.

अशा बाईला मी घराबाहेर जागा घ्या असंच सांगते, आणि तो खर्च चैनीचा नाही हे तिच्या नवऱ्यालाही बसवून सांगते. महिन्याचं भाडं झेपत नसेल तर अभ्यासिका बघा. आपल्या पेठांमध्ये स्पर्धा परीक्षांच्या मुलांसाठी गल्लोगल्ली अभ्यासिका आहेत, उपनगरांतही निघाल्या आहेत. शांतता मिळते, टेबल मिळतं, पैसे कमी पडतात. फोनवर सतत बोलावं लागणाऱ्यांना ती जागा चालणार नाही, इतकंच.

दुसरा रुग्ण याच्या अगदी उलटा. मराठवाड्यातून आलेला सव्वीस वर्षांचा व्हिडिओ एडिटर, वाकडजवळ एका खोलीत एकटा राहणारा. थकवा आणि भूक न लागण्याची तक्रार. रक्तात ड जीवनसत्त्व खूप कमी निघालं, त्याच्या गोळ्या दिल्या. पण बोलता बोलता कळलं की शुक्रवारपासून सोमवारपर्यंत तो कुणाशी तोंडाने बोललेलाच नव्हता. जेवणाची डिलिव्हरीसुद्धा दाराबाहेर ठेवून जात. एकटेपणा हा आता आरोग्याचाच प्रश्न मानला जातो; जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली त्यासाठी स्वतंत्र आयोग नेमला. या मुलाला जागा लागते ती माणसांसाठी. शेजारच्या टेबलावरचा कुणी "चहाला येतोस का?" म्हणतो, याचा परिणाम मी माझ्या रुग्णांत पाहिला आहे.

तरी सामायिक जागेचीही दुखणी आहेत. एसीचा झोत तोंडावर येतो, आणि पडद्याकडे बघताना पापण्यांची उघडझाप निम्म्याहून कमी होते. मग डोळे कोरडे पडून चुरचुरतात. दर २० मिनिटांनी २० फुटांवरच्या वस्तूकडे २० सेकंद बघा, आणि मुद्दाम डोळे मिटा. बसायची जागा झोतापासून दूर मागून घ्या. थंडाव्यात तहान लागत नाही, बायका स्वच्छतागृह नको म्हणून पाणीच टाळतात, आणि मग लघवीची जळजळ घेऊन माझ्याकडे येतात. बाटली समोर ठेवा आणि संपवा. बंद खोलीत दुपारी डोकं जड होत असेल तर ते कामाने नव्हे, हवा न खेळल्याने असू शकतं. खिडकी उघडता येत नाही अशी जागा घेऊ नका. शेजाऱ्याला दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर थुंकी तपासून घ्यायला सांगण्यात संकोच धरू नका. आणि दुचाकीवर एक तास खड्ड्यांतून जावं लागणार असेल तर ती जागा कितीही छान असो, कमरेला परवडत नाही. चालत पंधरा-वीस मिनिटांची असेल तर उत्तम. रोजचं जाणं-येणं हाच तुमचा व्यायाम.

ज्यांच्या घरात दार बंद होणारी खोली आहे, घरची माणसं त्या दाराचा मान राखतात, आणि संध्याकाळी गप्पा मारायला कुणीतरी आहे, त्यांनी खुशाल घरून काम करावं. गरोदर स्त्रिया आणि कमरेची नस दबलेले रुग्ण यांनाही मी घरच सुचवते, कारण मधे पडता येतं. पण घरून करणाऱ्यांनी सकाळी काम सुरू करण्याआधी अर्धा तास बाहेर फिरून यावं. सकाळच्या उजेडाने शरीराचं घड्याळ जागेवर येतं, रात्रीची झोप तिथूनच सुरू होते. आणि संध्याकाळी लॅपटॉप बॅगेत घालून चेन लावा. टेबलावर उघडा ठेवू नका.

अनुवादकाने घराजवळच्या अभ्यासिकेत सकाळी दहा ते दीडची जागा घेतली. चारचा चहा आता तिचा नवरा किंवा सासरे स्वतः करतात. रात्रीचं काम बंद झालं. आधी झोप आली, मग डोळे निवले, मानेला सहा आठवडे लागले. व्यायाम तिने नेमाने केले, हेही खरं.

हातातून वस्तू पडायला लागल्या, एकाच पायाची पोटरी सुजून दुखायला लागली, किंवा छातीत दडपण आलं, तर जागा बदलून बघत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. आणि मन दिवसेंदिवस उतरत असेल तर सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक लावा. तो मोफत आहे, रात्रीही चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.

मान किंवा कंबर दाखवायला पुढच्या वेळी याल, तेव्हा एक काम करा. तुम्ही कामाला बसलेले असताना घरच्या कुणाकडून बाजूने एक फोटो काढून घ्या आणि तो मोबाइलमध्ये घेऊन या. जुने रिपोर्ट मी नंतर बघेन, आधी तो दाखवा.