उत्तर जुळलं, पुढे?

"मॅडम, एन तीसपेक्षा कमी आहे, म्हणजे टी टेस्टच ना?"

शिकवणीला नवीन आलेली मुलं पहिल्या आठवड्यातच हे विचारतात. विचारणारी मुलं ढ नसतात. कोणी बी.एस्सी.ची, कोणी एम.कॉम.ची, कोणी फिजिओथेरपीची. गाईडमधली सगळी गणितं त्यांनी वहीत सोडवलेली असतात, मागच्या पानावरची उत्तरंही जुळलेली असतात. आणि इतकी वर्षं शिकवून माझं मत असं झालंय, की ही जुळलेली उत्तरंच पुढे घात करतात.

कारण सरावाचं गणित म्हणजे निवडून, धुऊन, चिरून दिलेली भाजी. फोडणी तेवढी आपण घालायची. प्रकरणाचं नाव 'प्वासाँ वितरण' असेल तर आतलं प्रत्येक गणित प्वासाँचंच असणार, हे पोरांना वाचायच्या आधीच ठाऊक असतं. छपाईच्या चुका दिसल्या की प्वासाँ, सदोष बल्ब दिसले की द्विपद, उंची-वजन दिसलं की प्रसामान्य. (आपल्या पुस्तकांतल्या बल्ब कंपन्या इतका सदोष माल काढूनही कशा टिकल्या, हे मला न सुटलेलं गणित आहे.) पण हे वितरणच का, हा खरा प्रश्न. तो गणित छापणाऱ्याने आधीच सोडवून टाकलेला असतो. आपल्या वाट्याला उरते ती आकडेमोड, आणि ती आता फोनही करतो.

फिजिओथेरपीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाची एक मुलगी माझ्याकडे आली तेव्हा तिचा प्रबंध परत आलेला होता. गुडघेदुखीच्या रुग्णांना काही आठवडे व्यायाम दिला, आधी आणि नंतर वेदनेचे गुण नोंदवले. टी टेस्ट लावली, फरक सार्थक आला नाही, तसं लिहून मोकळी झाली. परीक्षकांनी एकच विचारलं, "दोन्ही रकान्यांतले रुग्ण वेगळे आहेत का?" रुग्ण तेच होते. तिने टेस्ट मात्र दोन स्वतंत्र गटांची लावली होती. जोडीच्या टी टेस्टची गणितं तिने वहीत कितीतरी सोडवली होती. पण त्या गणितांत 'औषधापूर्वी' आणि 'औषधानंतर' असं स्पष्ट छापलेलं असतं. तिच्या एक्सेलमध्ये फक्त 'स्कोअर १' आणि 'स्कोअर २' होतं. ओळखीची खूण दिसली नाही आणि गाडं अडलं. त्यात तिचं एक सत्र गेलं.

या चुकीने किती फरक पडतो, हे मी मुलांना जगातल्या एका फार जुन्या डेटावर करून दाखवते. विल्यम गॉसेट हा डब्लिनच्या गिनेस कंपनीत काम करणारा माणूस. त्याने १९०८ साली 'स्टुडंट' या टोपणनावाने 'बायोमेट्रिका'त जो लेख लिहिला, त्यातून टी टेस्ट जन्माला आली. त्या लेखात झोपेच्या औषधांचं एक उदाहरण आहे. रुग्ण १०, प्रत्येकाला दोन्ही औषधं देऊन पाहिलेली, आणि झोप किती तासांनी वाढली याची नोंद. पहिल्या औषधाने सरासरी ०.७५ तास, दुसऱ्याने २.३३ तास. हे आकडे 'आर' या मोफत सॉफ्टवेअरमध्ये 'स्लीप' नावाने तयार ठेवलेले आहेत, तेव्हा घरबसल्या करून पाहता येतं.

आता हे २० आकडे दोन स्वतंत्र गट समजून टेस्ट लावा. टी येतो १.८६. स्वातंत्र्य मात्रा १८, ५ टक्के पातळीला टेबलातली किंमत २.१०१, म्हणजे फरक सार्थक नाही. मग प्रत्येक रुग्णाचा स्वतःचा फरक काढा: १.२, २.४, १.३, १.३, ०, १.०, १.८, ०.८, ४.६, १.४. यांची सरासरी १.५८. या दहाच आकड्यांवर टी येतो ४.०६, टेबलातली किंमत २.२६२, आणि पी व्हॅल्यू ०.००३च्या आत. आकडे तेच, निष्कर्ष उलटा. असं का होतं, तर दोन्हींतलं कुठलंही औषध दिलं तरी कोणाची झोप बरीच वाढते, कोणाची फारशी नाही. माणसामाणसांतला हा फरक पहिल्या पद्धतीत औषधाच्या फरकाला झाकून टाकतो, दुसऱ्या पद्धतीत वजाबाकीतच निघून जातो. हे कळण्यासाठी सूत्र लागत नाही. टेबलातली एक ओळ म्हणजे कोण, एवढं विचारावं लागतं.

त्या दहा फरकांत ४.६ हा एकटाच बाजूला पडलेला आहे, हेही मुलांनी स्वतःहून म्हणावं अशी माझी अपेक्षा असते. क्वचितच कोणी म्हणतं. गणितात दिलेल्या आकड्यांकडे बघायचं असतं, हेच कोणी शिकवलेलं नसतं.

आणि व्यायामाच्या प्रबंधात जोडीची टेस्ट लावून फरक सार्थक आला, तरी तो व्यायामानेच आला असं म्हणता येत नाही. दुखणं अगदी वाढलेलं असतानाच माणूस दवाखान्यात येतो. काही आठवड्यांत ते आपोआपही थोडं उतरतं. तुलनेला दुसरा गट नसेल तर कुठलीच टेस्ट ही उणीव भरून काढत नाही. गाईडमध्ये मात्र याच गणिताखाली 'सबब औषध परिणामकारक आहे' असं बिनदिक्कत छापलेलं असतं.

आता त्या तिसाबद्दल. टी वापरायचं खरं कारण नमुना लहान असणं हे नाही. समष्टीचं प्रमाण विचलन आपल्याला माहीत नसतं आणि ते नमुन्यावरूनच काढावं लागतं, हे खरं कारण. नमुना ५०० चा असला तरी टीच बरोबर. तेव्हा टी आणि झेड इतके जवळ येतात की कोणी तक्रार करत नाही, एवढंच. स्वातंत्र्य मात्रा ९ असताना टेबलात २.२६२ दिसतं, २९ ला २.०४५, १०० ला १.९८४, आणि झेडचं १.९६०. तीसपाशी कुठलीही भिंत नाही. उलट नमुना लहान असेल तेव्हा मूळ आकडे साधारण प्रसामान्य असायला हवेत, ही अट जास्त महत्त्वाची. ती मात्र कोणी तोंडपाठ करत नाही.

प्वासाँचं असंच. बोर्टकेविच यांनी १८९८ साली दिलेलं, प्रशियाच्या सैन्यात घोड्याच्या लाथेने झालेल्या मृत्यूंचं उदाहरण पुस्तकोपुस्ती असतं. १० दलं, २० वर्षं, २०० नोंदी. एकही मृत्यू नाही अशा १०९, एक मृत्यू असलेल्या ६५, पुढे २२, ३ आणि १. माध्य ०.६१, विचरणही ०.६१. प्वासाँने काढलेली वारंवारता १०८.७, ६६.३, २०.२ अशी हुबेहूब जुळते. मुलं खूश होतात. पण मूळ डेटात दलं १४ होती. रचना वेगळी म्हणून ४ दलं बाजूला ठेवून हा तक्ता बनला आहे. सगळी घेतली तर २८० नोंदी होतात: १४४, ९१, ३२, ११, २. आता माध्य ०.७० आणि विचरण ०.७६. थोडंच, पण विचरण वर सरकलं. ४ दलं गाळण्यात लबाडी नव्हती, कारण सांगूनच ती गाळली होती. पण सरावाच्या गणितात ते कारण छापलं जात नाही, आणि विद्यार्थ्याला वाटतं की निसर्गच असा नेटका वागतो. मी दोन्ही तक्ते देते आणि विचारते, सगळ्या दलांचा धोका सारखा नसेल तर विचरण माध्यापेक्षा का वाढेल? हे लिहून काढायला बहुतेकांना अख्खा तास लागतो. त्या तासात प्वासाँ जेवढं कळतं तेवढं वीस गणितांत कळत नाही.

मग सराव करायचा कसा? गणितं गाईडमधलीच घ्या, पण प्रकरणं मोडून टाका. वेगवेगळ्या प्रकरणांतली गणितं चिठ्ठ्यांवर उतरवा, त्या पिसा, आणि आकडेमोड न करता फक्त कुठलं वितरण, कुठली टेस्ट आणि का, एवढंच दोन ओळींत लिहा. दुसऱ्या दिवशी त्यातलं एखादंच पूर्ण सोडवा. शेतकीच्या मुलांनी पानसे आणि सुखात्मे यांचं शेतीतल्या संख्याशास्त्रावरचं १९५४ सालचं इंग्रजी पुस्तक उघडावं; त्यातले आकडे शेतावरचे आहेत. प्रबंधवाल्यांनी एक गोष्ट आकडे हाती येण्याआधीच लिहून ठेवावी, ती म्हणजे मुख्य प्रश्न कोणता. गणितात एकच प्रश्न विचारलेला असतो, प्रश्नावलीत वीस असतात. वीसही ठिकाणी खरा फरक काहीच नसेल आणि वीस स्वतंत्र टेस्ट ५ टक्के पातळीला लावल्या, तरी एखादी तरी 'सार्थक' निघण्याची संभाव्यता ६४ टक्के येते. मग तेवढीच उचलून तिच्यावर प्रकरण लिहिलं जातं.

शेवटी एक गणित देते, ते गाईडमध्ये सहसा सापडत नाही. एक नाणं १० वेळा उडवलं, ७ वेळा छापा पडला. दुहेरी पी व्हॅल्यू ०.३४, म्हणून 'शून्य परिकल्पना स्वीकारली, नाणं खरं आहे' असं लिहून सगळे थांबतात. इथे थांबू नका. समजा नाणं खरोखरच खोटं आहे आणि त्यावर ६० टक्के वेळा छापा पडतो. १० फेकींत ५ टक्के पातळीची टेस्ट त्याला किती वेळा पकडेल? ९ किंवा १० छापे, नाहीतर ० किंवा १ छापा पडला तरच ती पकडणार. द्विपद वितरणाने काढलं तर ही संभाव्यता ५ टक्क्यांहूनही कमी येते. म्हणजे ही टेस्ट खोट्या नाण्यालाही जवळजवळ दरवेळी सोडून देणार. आता हेच नाणं ८० टक्के वेळा पकडायचं असेल तर किती फेकी लागतील, हे प्रसामान्य वितरणाचा आधार घेऊन काढा. उत्तर दोनशेच्या किंचित अलीकडे यायला हवं.