नगरशासनाचे प्रगतिपत्रक : बंगळूरु शहराचा अनुभव

लोकशाहीमध्ये शासनाने आपल्या कामाचा हिशेब जनतेला द्यावा, हे तत्त्व सर्वमान्य आहे. केंद्र व राज्य पातळीवर हा हिशेब अर्थसंकल्प, महालेखापरीक्षकांचे अहवाल आणि विधिमंडळातील प्रश्नोत्तरे या मार्गांनी दिला जातो. नगरशासनाच्या बाबतीत परिस्थिती काहीशी विपरीत आहे. पाणी, गटारे, रस्ते, कचरा या ज्या सेवांशी नागरिकाचा रोज संबंध येतो, त्यांविषयीची माहितीच त्याला सर्वांत कमी मिळते. आपल्या प्रभागातील रस्त्यासाठी किती रक्कम मंजूर झाली, ती कोणत्या ठेकेदाराला मिळाली आणि काम केव्हा पूर्ण व्हावयाचे आहे, या साध्या प्रश्नांची उत्तरे सुशिक्षित नागरिकालाही सहसा देता येत नाहीत. ही उणीव दूर करण्याचे जे प्रयत्न भारतातील शहरांत झाले, त्यांत बंगळूरुचा अनुभव सर्वाधिक अभ्यासला गेला आहे. त्यातील यशाइतकेच त्यातील अपयशही बोधप्रद आहे.

नागरिकांनी दिलेले गुण

या अनुभवाचा प्रारंभ शासनाकडून झाला नाही. भारतीय व्यवस्थापन संस्था, अहमदाबादचे माजी संचालक सॅम्युएल पॉल यांनी 1993-94 मध्ये काही सहकाऱ्यांसह बंगळूरुमधील सार्वजनिक सेवांविषयी कुटुंबांची नमुना पाहणी केली. सेवा मिळण्यास किती वेळ लागला, कर्मचाऱ्यांची वर्तणूक कशी होती, तक्रारीचे निवारण झाले का, लाच द्यावी लागली का, असे प्रश्न विचारून प्रत्येक संस्थेला गुण देण्यात आले. शाळेतील विद्यार्थ्याच्या प्रगतिपत्रकावरून या पद्धतीला ‘सिटिझन रिपोर्ट कार्ड’ हे नाव मिळाले. झोपडपट्टीतील कुटुंबांची पाहणी स्वतंत्रपणे करण्यात आली होती.

1994 च्या या प्रगतिपत्रकाचे निष्कर्ष धक्कादायक होते. महानगरपालिकेच्या सेवेविषयी समाधानी असलेल्यांचे प्रमाण सुमारे 5 टक्के, तर बंगळूर विकास प्राधिकरणाविषयी समाधानी असलेल्यांचे प्रमाण अवघे 1 टक्का होते. वृत्तपत्रांनी हे निष्कर्ष ठळकपणे प्रसिद्ध केले. विशेष म्हणजे ज्या प्राधिकरणाला सर्वांत कमी गुण मिळाले होते, त्याच्याच प्रमुखांनी सुधारणेसाठी प्रथम पुढाकार घेतला. याच उपक्रमातून पब्लिक अफेअर्स सेंटर ही संस्था उभी राहिली. 1999 मध्ये दुसरी व 2003 मध्ये तिसरी पाहणी झाली. दुसऱ्या पाहणीत समाधानाचे प्रमाण काहीसे वाढलेले दिसले, परंतु भ्रष्टाचार कमी होण्याऐवजी वाढलेला आढळला. तिसऱ्या पाहणीत मात्र जवळपास सर्व प्रमुख संस्थांच्या गुणांत लक्षणीय वाढ झाली.

या पद्धतीमागील अर्थशास्त्रीय विचार विद्यार्थ्यांनी समजून घेणे आवश्यक आहे. अल्बर्ट हिर्शमन यांनी 1970 मध्ये असे मांडले की, एखाद्या संस्थेची सेवा खालावली तर ग्राहकापुढे दोन मार्ग असतात : ती संस्था सोडून जाणे किंवा आवाज उठवणे. खासगी बाजारपेठेत पहिला मार्ग सुलभ असतो. नगरपालिकेचा नळ, मलनिःसारण किंवा रस्ता यांना पर्याय नसतो, म्हणून तेथे आवाज हाच प्रमुख मार्ग ठरतो. परंतु विखुरलेल्या लाखो कुटुंबांचा आवाज माहितीशिवाय संघटित होत नाही. माझ्या घरी पाणी आले नाही ही तक्रार झाली, शहरातील अमुक इतक्या कुटुंबांना पाणी मिळत नाही हा पुरावा झाला. रिपोर्ट कार्डने तक्रारीचे पुराव्यात रूपांतर केले.

बंगळूरुमध्ये या सिद्धांताला एक वेगळे वळण मिळाले. कावेरीचे पाणी सुमारे 100 किलोमीटर अंतरावरून आणि मोठ्या उंचीवर उपसून शहरात आणावे लागते. ते पुरेसे न मिळाल्यास ऐपतदार वर्ग कूपनलिका खोदतो, टँकर मागवतो, गृहसंकुलात मोठ्या टाक्या बांधतो. म्हणजे पर्याय नसलेल्या सेवेतही पैशाच्या बळावर पर्याय निर्माण होतो. आवाज उठवण्याची क्षमता ज्यांच्याकडे अधिक तेच बाहेर पडतात आणि ज्यांना सार्वजनिक नळाशिवाय गत्यंतर नाही त्यांचा आवाज क्षीण राहतो. कोणत्याही पाहणीतील सरासरी गुण वाचताना ही बाब लक्षात घ्यावयास हवी.

शासनाचे जाहीर निवेदन

1999 मध्ये एस. एम. कृष्णा मुख्यमंत्री झाल्यावर राज्य शासनाने बंगलोर अजेंडा टास्क फोर्स या कृती गटाची स्थापना केली. नंदन निलेकणी त्याचे अध्यक्ष होते. महानगरपालिका, विकास प्राधिकरण, पाणीपुरवठा व मलनिःसारण मंडळ, वीज कंपनी, परिवहन महामंडळ, दूरध्वनी आणि पोलीस अशा सात यंत्रणा या गटाशी जोडण्यात आल्या. या गटाने सुरू केलेली सर्वांत लक्षणीय प्रथा म्हणजे साधारणपणे दर सहा महिन्यांनी होणारी जाहीर परिषद. तीत प्रत्येक यंत्रणेचा प्रमुख मुख्यमंत्र्यांच्या व नागरिकांच्या समक्ष पुढील कालावधीची उद्दिष्टे जाहीर करीत असे आणि मागील वेळी जाहीर केलेल्या उद्दिष्टांपैकी काय साध्य झाले, ते सांगत असे. अशी पहिली परिषद जानेवारी 2000 मध्ये झाली.

प्रशासकीयदृष्ट्या ही प्रथा दिसते त्याहून महत्त्वाची होती. शासकीय अहवालांत झालेल्या कामांची यादी असते, न झालेल्या कामांची नसते. आधी उद्दिष्ट जाहीर केले असेल तरच न झालेले काम दृष्टीस पडते. शिवाय सात यंत्रणांचे प्रमुख एकाच मंचावर आल्याने, रस्ता एकाने करावयाचा आणि दुसऱ्याने जलवाहिनीसाठी खोदावयाचा, या नित्याच्या प्रकाराला उत्तर देणे भाग पडे.

याच काळात दोन आर्थिक सुधारणा झाल्या. पहिली मालमत्ता कराच्या स्वयंनिर्धारणाची. 2000 मध्ये महानगरपालिकेने ऐच्छिक स्वयंनिर्धारण योजना आणली. तोपर्यंत कराची आकारणी निरीक्षकाच्या मर्जीवर अवलंबून असे आणि त्या मर्जीला किंमत असे. नव्या योजनेत शहराचे विभाग पाडून बांधकामाच्या प्रकारानुसार दर प्रसिद्ध करण्यात आले आणि नागरिकाने आपला कर स्वतः काढून भरावा, असे ठरले. कराचे उत्पन्न त्यानंतर लक्षणीय प्रमाणात वाढले. माहिती प्रसिद्ध करणे म्हणजे निव्वळ खर्च, असे मानणाऱ्या अधिकाऱ्यांना हे उदाहरण दाखवावे.

दुसरी सुधारणा लेखापद्धतीची. भारतातील बहुतेक नगरपालिका त्या वेळी रोख पद्धतीने, एकेरी नोंदीचे हिशेब ठेवीत. त्यात वर्षभरात किती पैसा आला व गेला एवढेच कळते. ठेकेदारांची थकलेली देयके, कर्जाचा बोजा, वसूल न झालेला कर यांचे चित्र उमटत नाही. तिजोरीत रोकड असलेली पालिका प्रत्यक्षात कर्जबाजारी असू शकते. बंगळूरुमध्ये रमेश रामनाथन यांच्या पुढाकाराने निधीवर आधारित द्विनोंदी लेखापद्धती लागू करण्यात आली. पुढे 2004 मध्ये उपार्जित लेखांकनावर आधारलेली राष्ट्रीय नगरपालिका लेखा नियमपुस्तिका तयार झाली, तेव्हा हा विषय देशव्यापी झाला.

हिशेब वाचावयास शिकणे

हिशेब तयार झाले, तरी ते वाचणार कोण? 2002 मध्ये सुरू झालेल्या ‘प्रूफ’ या मोहिमेने या प्रश्नाला हात घातला. जनाग्रह, पब्लिक अफेअर्स सेंटर, सेंटर फॉर बजेट अँड पॉलिसी स्टडीज आणि व्हॉइसेस या चार संस्था तीत सहभागी होत्या. महानगरपालिकेने दर तिमाहीला उत्पन्न-खर्चाचे विवरण व ताळेबंद जनतेपुढे ठेवावा, त्यासोबत शाळा, आरोग्य यांसारख्या सेवांचे कार्यमापन निर्देशांक द्यावेत आणि जाहीर सभेत त्यावर चर्चा व्हावी, अशी तिची कल्पना होती. कंपन्या आपल्या भागधारकांना तिमाही निकाल देतात, मग शहराने करदात्यांना का देऊ नयेत, असा तिचा सरळ युक्तिवाद होता. नागरिकांना ताळेबंद वाचण्याचे प्रशिक्षणही देण्यात आले. जनाग्रहने 2001 च्या अखेरीस सुरू केलेल्या प्रभाग-कामांच्या मोहिमेत रहिवाशांनी आपल्या भागातील कामांचा अग्रक्रम ठरवून तो अर्थसंकल्पापूर्वी पालिकेपुढे मांडला. पुणे महानगरपालिकेने 2006 पासून राबविलेला सहभागी अर्थसंकल्प याच जातकुळीतील आहे. ब्राझीलमधील पोर्तो अलेग्रे शहराने हा मार्ग 1989 मध्येच चोखाळला होता.

कायद्याची चौकट

2004 मध्ये राज्यात सत्तांतर झाले आणि कृती गटाचे काम थांबले. त्याबरोबर सहामाही परिषदाही थांबल्या. त्या बंद कराव्यात, असा कोणी ठराव केला नाही, कारण त्या भरवाव्यात असे कोणत्याही कायद्यात लिहिलेले नव्हते. न्यूयॉर्क शहरात महापौरांचा व्यवस्थापन अहवाल 1977 पासून प्रसिद्ध होत आहे. पक्ष बदलले, महापौर बदलले, अहवाल थांबला नाही, कारण तो शहराच्या सनदेनेच बंधनकारक केलेला आहे.

कृती गटावर त्या काळीही टीका झाली होती आणि ती पूर्णपणे अनाठायी नव्हती. उद्योजक व व्यावसायिकांचा हा नियुक्त गट होता. 74 व्या घटनादुरुस्तीने ज्यांच्याकडे नगरशासन सोपवले ते निर्वाचित नगरसेवक या परिषदांत दुय्यम ठरले. ही घटनादुरुस्ती 1 जून 1993 पासून अंमलात आली. तिच्या अनुच्छेद 243 एस नुसार तीन लाख व त्याहून अधिक लोकसंख्येच्या नगरपालिका क्षेत्रात प्रभाग समित्या स्थापन करणे आवश्यक आहे. त्यांची रचना मात्र राज्य विधिमंडळाने ठरवावयाची असल्याने, अनेक प्रभाग मिळून एक समिती नेमण्याची पळवाट बहुतेक राज्यांनी वापरली. रहिवाशाला पायी जाऊन गाठता येईल अशी समिती क्वचितच निर्माण झाली.

माहितीच्या बाबतीत कर्नाटकाने 2000 मध्ये राज्याचा माहिती अधिकार कायदा केला. केंद्रीय माहितीचा अधिकार अधिनियम, 2005 हा 12 ऑक्टोबर 2005 पासून पूर्णतः अंमलात आला. परीक्षार्थींचे लक्ष बहुधा अर्ज करण्याच्या व अपिलाच्या कलमांवर असते. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने कलम 4 अधिक मोलाचे आहे. त्यानुसार सार्वजनिक प्राधिकरणाने 17 बाबींची माहिती, कोणी न मागता, स्वतःहून प्रसिद्ध करावयाची आहे. नागरिकाला अर्ज करण्याची गरज कमीत कमी पडावी, हा या कलमाचा उद्देश आहे. ही माहिती देताना स्थानिक भाषा व त्या भागात परिणामकारक ठरणारे माध्यम विचारात घ्यावे, असेही त्यात म्हटले आहे. कन्नड, तमिळ, तेलुगु, उर्दू, हिंदी आणि मराठी बोलणारे लोक एकत्र राहत असलेल्या बंगळूरुसारख्या शहरात ही तरतूद पाळणे सोपे नाही.

डिसेंबर 2005 मध्ये सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनर्निर्माण अभियानाने राज्यांसाठी सार्वजनिक प्रकटीकरणाचा आणि नागरिक सहभागाचा कायदा करणे ही अनुदानाची अट केली. तेराव्या वित्त आयोगाने पाणीपुरवठा, मलनिःसारण, पर्जन्यजल निचरा व घनकचरा या चार सेवांची उद्दिष्टे राजपत्रात प्रसिद्ध करण्याची अट कार्यमापन अनुदानाला जोडली. पंधराव्या वित्त आयोगाने लेखापरीक्षित हिशेब सर्वांना पाहता येतील असे संगणकीय माध्यमातून प्रसिद्ध करणे अनिवार्य ठरवले. अनुदानाच्या अटींमुळे प्रकटीकरण होते, हे खरे. पण त्याचे स्वरूप अनेकदा विवरणपत्र भरून वर पाठविण्याचे राहते. त्यात वाचक म्हणून मंत्रालय अभिप्रेत असते, प्रभागातील रहिवासी नव्हे.

बदलत्या सीमा

जानेवारी 2007 मध्ये 100 प्रभागांच्या जुन्या महानगरपालिकेत सात नगर परिषदा, एक लहान नगरपरिषद आणि 110 गावे विलीन करून बृहत् बंगळूरु महानगरपालिका स्थापन करण्यात आली. नव्या 198 प्रभागांची पहिली निवडणूक 2010 मध्ये झाली. म्हणजे विलीनीकरणाचा निर्णय, त्यानंतरचे अर्थसंकल्प आणि विस्तारित भागांतील कामे यांविषयी नव्या नागरिकांना प्रश्न विचारण्यासाठी प्रारंभीची तीन वर्षे निर्वाचित प्रतिनिधीच नव्हता. सप्टेंबर 2020 मध्ये सभागृहाची मुदत संपल्यावर हीच स्थिती पुन्हा उद्भवली आणि महानगरपालिका प्रशासकाच्या हाती गेली.

माहितीच्या अभावाची किंमत या 110 गावांच्या पाणीप्रश्नात स्पष्ट दिसते. महानगरपालिकेत आल्यावर येथील रहिवासी मालमत्ता कर भरू लागले. परंतु कावेरीचे पाणी केव्हा येईल, याचे वेळापत्रक पुनःपुन्हा पुढे ढकलले गेले. या भागाला पाणी देण्यासाठी आखलेल्या कावेरी पाचव्या टप्प्याचे उद्घाटन ऑक्टोबर 2024 मध्ये झाले. त्याची क्षमता प्रतिदिन 775 दशलक्ष लिटर आहे. मधल्या सतरा वर्षांत हा परिसर कूपनलिका व टँकर यांवर अवलंबून होता. 2024 च्या उन्हाळ्यात हजारो कूपनलिका आटल्या, तेव्हा सर्वाधिक झळ शहराच्या बाह्य भागालाच बसली. पाणी 2012 मध्ये येणार की 2024 मध्ये, हे ठाऊक असते तर घर कोठे घ्यावे, टाकी किती मोठी बांधावी, पावसाचे पाणी साठवावे की नाही, हे निर्णय हजारो कुटुंबांनी वेगळ्या प्रकारे घेतले असते.

ग्रेटर बंगळूरु प्रशासन अधिनियम, 2024 हा मे 2025 मध्ये अंमलात आला आणि सप्टेंबर 2025 मध्ये एका महानगरपालिकेच्या जागी मध्य, पूर्व, पश्चिम, उत्तर व दक्षिण अशा पाच महानगरपालिका अस्तित्वात आल्या. त्यांच्या वर समन्वयासाठी ग्रेटर बंगळूरु प्राधिकरण आहे. लहान महानगरपालिका नागरिकाला अधिक जवळची ठरेल, ही अपेक्षा रास्त आहे. अभ्यासकापुढे मात्र एक व्यावहारिक अडचण उभी राहते. प्रभाग 100 वरून 198 झाले, आता ते त्याहूनही अधिक संख्येने नव्याने आखले गेले आहेत. प्रत्येक फेररचनेबरोबर प्रभागनिहाय खर्चाची व कामांची मालिका तुटते. एखाद्या वस्तीवर 2010 मध्ये किती खर्च झाला आणि पुढील दशकात किती, याची तुलना करावयाची तर जुन्या प्रभागांचे हिशेब नव्या सीमांनुसार पुन्हा मांडावे लागतील. पाचही महानगरपालिकांच्या पहिल्या ताळेबंदांत जुन्या महानगरपालिकेची मालमत्ता, कर्जे व ठेकेदारांची देणी यांची वाटणी कोणत्या निकषावर झाली, हे रहिवाशांना प्रथम पाहावे लागेल.