परसातली बडीशेप



पाठ: मत्तय २३:२३

पुदिना, शेप आणि जिरे यांचाही दशांश मोजून देणाऱ्या, पण न्याय, दया व विश्वास सोडून देणाऱ्या परूश्यांना प्रभूने येथे खडसावले आहे. गेल्या वर्षी खांबजवळच्या एका कातकरी वाडीवर बडीशेपेचे बी वाटले, तेव्हा हे वचन मलाच लागू पडले. मी घरे मोजली, पुड्या मोजल्या. पण त्या लोकांचे वर्ष कसे जाते हे पाहिले नाही.

बडीशेप हे थंडीचे पीक. आपल्याकडच्या पावसात तिची मुळे कुजतात, म्हणून पेरणी दिवाळीच्या सुमारास करावी लागते. दाणे हाती यायला ५ ते ६ महिने लागतात. नेमकी दिवाळीनंतरच बरीच कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि कोळसाभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. एका आजीने विचारले, "दादा, बी दिलंस, पन पानी कोन घालील?" माझ्याकडे उत्तर नव्हते.

यंदा आधी विचारले, मग बी दिले. जी म्हातारी माणसे वाडीतच राहतात, त्यांच्या दारात, हंडे भरताना पाणी सांडते त्या जागेजवळ ४-५ रोपे पुरतात.

लागवड अशी करावी: माती भुसभुशीत करून शेणखत मिसळावे. बी रात्रभर भिजवून अर्धे पेर खोल पेरावे. भाजलेली बडीशेप उगवत नाही. अंकुर ८ ते १५ दिवसांत दिसतो. मूळ खोल जाते, म्हणून रोप उपटून दुसरीकडे लावू नये. विरळणी करून दोन रोपांत दीड वीत अंतर ठेवावे. पाणी बेताचे द्यावे. दाणे भरले की हिरवट-पिवळे असतानाच तुरे कापून सावलीत वाळवावेत.

कोवळी पाने भाजीत, आमटीत घालता येतात. जेवणानंतर पोट जड वाटले तर मोठ्यांनी चमचाभर ठेचलेली बडीशेप कपभर गरम पाण्यात घालून प्यावी. मात्र लहान मुलाला जुलाब झाल्यास बडीशेपेच्या पाण्यावर विसंबू नये. जलसंजीवनी द्यावी आणि आरोग्य केंद्रात न्यावे.

विचार करा: आपण देतो ते घेणाऱ्याच्या सोयीचे असते की आपल्या? पुढच्या वाटपाआधी आपण कोणाला विचारणार आहोत?

प्रार्थना: भट्ट्यांवर गेलेल्या कुटुंबांसाठी, आणि मागे राहून रोपांना व नातवंडांना सांभाळणाऱ्या आजी-आजोबांसाठी.