आरए फॅक्टर पॉझिटिव्ह, म्हणून काय?

चि. मनू,


एकही सांधा सुजलेला नसताना आरए फॅक्टर ३८ आला म्हणून तू भात, दही, टोमॅटो सोडलेस आणि कुणीतरी दिलेली ‘वाताची पुडी’ आणलीस, असं तुझ्या आईकडून कळलं. भात-दह्याचं जाऊ दे, काळजी पुडीची आहे. अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेलं सापडतं. चार दिवस बरं वाटतं, मग हाडं ठिसूळ होतात, साखर चढते. घेतली असशील तर डॉक्टरांपासून लपवू नकोस.

हा फॅक्टर म्हणजे आपल्याच अँटिबॉडीवर उठलेली अँटिबॉडी. नॉर्वेच्या एरिक वालर यांनी ती १९४० साली नोंदवली. पण ती एकट्या आमवाताची, म्हणजे रुमॅटॉइड आर्थ्रायटिसची, नव्हे. क्षय, कुष्ठरोग, हिपॅटायटिस सी यांतही ती वाढते आणि शंभरातल्या पाचेक निरोगी माणसांतही सापडते. आता हिशेब कर. हजार जणींत दहा जणींना आमवात धरला, तर त्यांतल्या सातेक पॉझिटिव्ह येतील; उरलेल्या निरोगी बायकांतल्याही पन्नासेक येतील. नुसत्या आकड्यावर स्वतःला रोगी ठरवणं हा शुद्ध अडाणीपणा, तोही शिकलेल्या मुलीचा!

मग चाचणी करायचीच कशाला, असं विचारशील. सांधा सुजलेला असेल तेव्हाच तिला वजन येतं. २०१० चे आंतरराष्ट्रीय निकषही आधी निदान एक सुजलेला सांधा मागतात. उलट, आमवात असलेल्यांपैकी वीस-तीस टक्क्यांचा हा फॅक्टर निगेटिव्हच असतो, म्हणून सूज असताना निगेटिव्ह रिपोर्टवर विसंबणंही तितकंच चूक. तुझ्या डॉक्टरांना गरज वाटली तर ते अँटी-सीसीपी करायला सांगतील. ती चाचणी आमवाताकडे अधिक नेमकं बोट दाखवते.

तुला माईआजीची आमवाताने वाकडी झालेली बोटं दिसतात, हे मी जाणते. रक्ताच्या नात्यात धोका थोडा वाढतो, हेही खरं. पण आठवड्यातून एकदाच घ्यायचं मेथोट्रेक्सेट या आजारासाठी रुळलं ते ऐंशीच्या दशकात. तिची बोटं त्याआधीच वाकली होती. आज वेळेत उपचार मिळाले तर बोटं वाचतात. म्हणून लक्ष आकड्यावर नको, हातांवर ठेव. सकाळी तासभर बोटं आखडली, मनगटं किंवा बोटांच्या मुळाचे सांधे सुजले आणि ते आठवड्या-दोन आठवड्यांत ओसरलं नाही, तर थेट संधिवाततज्ज्ञ गाठायचा. महिनोन्‌महिने घालवायचे नाहीत. तोवर रोज चाल, वजन सांभाळ, पोटभर दहीभात खा.

रागावले, कारण भीती मलाही वाटली. रात्री तो रिपोर्ट उघडून बसू नकोस गं. झोप आली नाही तर मला फोन कर, कितीही वाजलेले असोत.

तुझी,
आत्या