पथ्यातील यूष आणि बाजारचे स्टॉक क्यूब

ज्वर किंवा अतिसार ओसरल्यावर आम्ही रुग्णास मुद्गयूष सांगतो. 'यूष म्हणजे सूपच' असे समजून नातेवाईक स्टॉक क्यूब गरम पाण्यात विरघळवून देतात, तेव्हा पथ्याचा हेतूच फसतो. मंगरूळपीर परिसरात मुगाची वानवा नसताना हे व्हावे, याचे नवल वाटते.

१९०८ साली माग्गी कंपनीने बाजारात आणलेला हा क्यूब दिसण्यात आपल्या घनवटीसारखा आहे, साम्य तेवढेच. गुडूचीघन हा क्वाथ आटवून सिद्ध होतो. क्यूबमध्ये मात्र बहुधा मीठच सर्वाधिक, शिवाय स्निग्ध पदार्थ, मोनोसोडियम ग्लुटामेट व पिष्ट. भाजीचा वा मांसाचा अंश अल्प. १० ग्रॅमच्या क्यूबमध्ये साधारण ४ ते ५ ग्रॅम मीठ असते. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सांगितलेली दिवसाची मर्यादा ५ ग्रॅमहून कमी आहे. चरकाचार्यांनी विमानस्थानात पिप्पली, क्षार व लवण यांचा अतिवापर निषिद्ध मानला, तो इथे आठवावा.

शार्ङ्गधरोक्त यूषास द्रव्याच्या सोळापट पाणी, सुंठ व पिंपळी पुरते. निरोगी माणसाने भाजी-पुलावात क्यूब घातल्यास आमची हरकत नाही. वेगळे मीठ मात्र घालू नये. वेष्टनावरील सोडियमच्या आकड्यास अडीचने गुणले की मीठ कळते. रक्तदाब, शोथ वा वृक्कविकार असणाऱ्यांस क्यूब देऊच नये. औषधविक्रेत्यांनी 'कमी सोडियम'च्या वेष्टनावर पोटॅशियम क्लोराईड आहे का तेही पाहावे. वृक्करुग्णास ते अधिक घातक ठरू शकते.